चुलत्याचं आमेन

आमच्या घरात संध्याकाळची उपासना चुकली असं कधी झालं नाही. तापात झाली, पाहुण्यांत झाली, डब्यात पीठ नव्हतं तेव्हाही झाली. मागची भिंत नव्हती त्या दिवसांत तर जरा जास्तच जोरात झाली, कारण बाबा मुद्दाम आवाज चढवून वाचायचे. पलीकडे ऐकू जावं म्हणून. पलीकडे माझा चुलता ओट्यावर पाय सोडून बसलेला असायचा, आणि तो ओटा आमच्या भिंतीच्या दगडांचा होता.

मी त्याला एकेरीतच बोलते. माणूस मरून गेला, बाबांचा थोरला भाऊ होता, चर्चच्या मंडळीचा पंच होता, हे सगळं मला माहीत आहे. माझी धाकटी जाऊ म्हणते, सोडा की आता आक्का, किती वर्षं धरून ठेवाल. मी म्हणते, तुझी भिंत पडली होती का? नाही ना? मग तू भाजी निवड.

जामखेडकडच्या कोरड्या पट्ट्यात आमचं गाव. गावाच्या कडेला आम्हा ख्रिस्ती लोकांची आळी, थोडीशी घरं आणि पत्र्याचं एक प्रार्थनामंदिर. बाबा गावच्याच शाळेत मास्तर होते. आजोबांच्या माघारी घराचे दोन भाग झाले. रस्त्याकडचा मोठा भाग चुलत्याकडे गेला, मागच्या दोन खोल्या आमच्याकडे आल्या. आमच्या मागच्या भिंतीला लागून असलेलं मोकळं अंगण मात्र चुलत्याच्याच वाट्याला गेलं.

दुष्काळाची ती दोन वर्षं सरत नव्हती तेव्हाची गोष्ट. मी चौदा-पंधराची असेन. नाताळला आम्ही श्रीरामपूरला आत्याकडे गेलो होतो. तिकडं कालव्याला पाणी, उसाचे मळे, चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नाही एवढी माणसं. पोटभर जेवलो, पोटभर गायलो, आणि नवं वर्ष लागल्यावर एसटीनं घरी आलो. बाबांनी कुलूप काढलं. आत खोलीत ऊन पडलेलं. मी म्हटलं, पत्रा उडाला की काय. पत्रा होता जागेवर, मधल्या लाकडी खांबांवर. मागची भिंतच नव्हती. खालपासून वरपर्यंत नव्हती. आईचं जातं, पाट, पाण्याचा रांजण, सगळं चुलत्याच्या अंगणाला तोंड करून उघड्यावर पडलं होतं.

आणि अंगणात नवा कोरा ओटा. त्यावर चुलता तंबाखू मळत बसलेला.

"पडली आपोआप," तो म्हणाला. "लई जुनी झाल्ती. दगड तसेच ठिवले असते तर लोकांनी रातोरात उचलून नेले असते. म्हनून मी गोळा केले."

बाबांनी हातातलं कुलूप खाली ठेवलं. मग म्हणाले, "दादा, गोळा केले ते ठीक. बांधून कशाला काढले?"

"पडून राहून काय करायचे?"

आई ओट्याजवळ गेली. आमची ती भिंत आतून चुन्यानं रंगवलेली होती, आणि आई चुन्यात नीळ नेहमी जास्त घालायची. ओट्याच्या दगडांवर तो निळसर चुना जागोजाग तसाच होता. तिनं एका दगडावरून बोट फिरवलं, ते बोट पदराला पुसलं आणि घरात आली. थोरल्या दिराशी बोलायची तिची पद्धत नव्हती. त्याच्यासमोर ती पदर पुढे ओढून, खाली मान घालून उभी राही, आणि काही सांगायचं असलं तर बाबांच्या तोंडून सांगे.

चुलत्याला काय हवं होतं ते त्यानं लपवून ठेवलं नाही. त्याच्या मोठ्या पोराचं लग्न ठरत होतं, सुनेला खोली हवी होती. "मास्तर, तुला शाळेची खोली मिळंल," तो म्हणाला. "ह्या पडक्यात काय ठिवलंय? मोकळं करून दे मला." भिंत आपोआप पडली म्हणे. शेजारची, त्याहून जुनी, वाळवीनं खाल्लेली भिंत उभी, आणि आमची तेवढी आपोआप पडली. मला आजही हे लिहिताना डोक्यात तिडीक जाते.

त्यात आईला सातवा लागला होता. माझ्यानंतर तिची दोन मुलं जाऊन हे इतक्या वर्षांनी राहिलेलं. सुईण येऊन बघून गेली आणि स्पष्ट म्हणाली, मी इथं बाळंतपण करणार नाही. बाळंतिणीला वारं लागलं की संपलं, चार भिंती करा मग मला बोलवा. आईला माहेर उरलं नव्हतं. आत्या श्रीरामपूरला ये म्हणत होती. आई म्हणाली, "मी एकदा का इथून हलले, का परत यायला घर ऱ्हानार न्हाई. बाळंत हुईन तर ह्याच खोलीत." माझी चुलती गोड आवाजात सांगून गेली, आमच्या गोठ्याच्या अंगाची खोली हाय की रिकामी, तिथं या. गोठ्यात बाळंत व्हायला माझी आई काही मरिया नव्हती. पण तेव्हा मी हे मनातच म्हटलं, मोठ्यानं म्हणायची हिंमत नव्हती.

माझे बाबा म्हणजे गरीब गाय. भांडायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. पंचांकडे जावं तर पंच चुलताच. त्यांनी त्या संध्याकाळी गोणपाटं शिवून पडदा लावला, कंदील पेटवला, बाजाची पेटी पुढे ओढली आणि म्हणाले, "उद्यापासून भिंत बांधायची. आणि आजपासून उपासनेत कोट बांधणाऱ्याचं चरित्र वाचायचं."

शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, ती गोष्ट आमच्या घरात पाठ होती. दूरदेशी राजाच्या पदरी चाकरी करणारा एक माणूस. त्याला कळतं की आपल्या वाडवडिलांच्या यरुशलेमेचा कोट, शहराभोवतीचा तट, पडलाय, वेशी जळाल्यात. तो खाली बसून रडतो, उपास करतो, राजाची परवानगी काढतो आणि गावी येऊन लोकांना हाताशी धरून पडका कोट उभा करतो. शेजारचे हसतात, धमक्या देतात, खाली ये म्हणून निरोप पाठवतात. हा कामावरून उतरत नाही. बाबा आम्हाला म्हणायचे, विश्वास म्हणजे काय तर हे. हातात थापी आणि तोंडात प्रार्थना. आधी गीत, मग वाचन, मग आळीपाळीनं प्रार्थना, असा आमचा क्रम. आई पोटावर हात ठेवून बारीक आवाजात गायची. गोणपाट वाऱ्यानं फुगायचं आणि कंदिलाची ज्योत आडवी व्हायची.

बाबांचे हात खडूचे. शाळा सुटली की आम्ही दोघं ओढ्यातून दगड आणायचो. ओढ्याला पाणी नव्हतं, नुसते गोटे होते, गोल गुळगुळीत. सरकारी कामावर खडीचे ढीगच्या ढीग पडले होते, पण त्यातलं बाबांनी बोटभर उचललं नसतं. मातीला पाणी लागायचं. गावात प्यायला टँकर यायचा आणि हंड्यांची मारामारी व्हायची, तिथं भिंतीला पाणी कोण देणार? आई भांड्यांचं, तांदूळ धुतल्याचं, आमच्या तोंड धुतल्याचं, सगळं पाणी एका घमेल्यात साठवायची आणि ते ओतून मी पायांनी माती तुडवायची. असली खरकट्या पाण्याची भिंत. गुडघ्याएवढी झाली आणि एका दुपारी बसकण मारून खाली आली, कारण गोल दगडावर गोल दगड किती वेळ राहणार.

चुलता ओट्यावरून बघत होता. बघणं हेच त्याचं काम झालं होतं. चार माणसं जमवून बसायचा आणि आमच्याकडे हनुवटी करून काहीतरी बोलायचा, मग सगळे हसायचे. "मास्तर," त्या दिवशी तो म्हणाला, "कोंबडी चढली तरी पडंल तुझी भिंत. पोरांना बाराखडी शिकीव, तुला ते बरं जमतं." बाबाही कसनुसे हसले. त्यांचं ते हसणं बघून मला रडू आलं आणि रडू आलं याचाही राग आला.

योगायोग असा की त्याच संध्याकाळी वाचनात तो भाग आला. कोट बांधणाऱ्याला तिथलेही लोक असंच हिणवतात, की कोल्हा चढला तरी पडेल हा कोट. मी ताठ बसले. बाबा वाचत होते आणि मध्येच एक श्वास घेऊन पुढे गेले. मला कळलं, काहीतरी सुटलं. उपासना झाल्यावर मी शास्त्र कंदिलाजवळ धरून बघितलं. दोन ओळी त्यांनी सरळ उडी मारून ओलांडल्या होत्या. कोट बांधणारा तिथं देवाला म्हणतो, यांची निंदा यांच्याच डोक्यावर फिरव, यांची लूट होऊ दे, यांचा अपराध झाकू नकोस. शास्त्रात असंही मागता येतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

"बाबा, तुम्ही मधलं गाळलंत."

"ते रागाच्या भरातलं आहे. घरच्या उपासनेत वाचण्यासारखं नाही."

"मग शास्त्रात कशाला ठेवलंय?"

"माणसाला राग येतो हे देवाला माहीत आहे, एवढ्यासाठी."

"मग मला आलाय."

"आलाय तर सकाळी लवकर उठून माती कालव," बाबा म्हणाले आणि शास्त्र माझ्या हातातून काढून घेतलं.

मी माती कालवली. पण तुडवताना तेच म्हणत होते, त्यांच्या डोक्यावर फिरव, झाकू नकोस. एकेका पावलाला एकेक. मातीही त्या वेळी चांगली मळली गेली असेल.

दुसऱ्या खेपेला बाबा शहाणे झाले. दूरच्या पडीक बांधावरून कोपऱ्यांचे दगड आणले, सांध्यात कपच्या ठोकल्या, रोज थोडीच उंची घ्यायची आणि वाळू द्यायची. भिंत माझ्या छातीला लागली. आई कौतुकानं हात लावून बघायची. तिला आठवा सरत आला होता, पाय सुजले होते, दुपारी ती त्या भिंतीच्या सावलीला घोंगडी टाकून पडायची. सुईणही एकदा येऊन बघून, बरं आहे म्हणून मान हलवून गेली. मला वाटलं, झालं आता.

मग एके दिवशी चुलत्यानं त्याचं सगळं सरपण आणून आमच्या भिंतीला लावलं. बाभळीचे ओंडके, मोडकी बैलगाडी, तिची चाकं, जे जे जड होतं ते सगळं. बाबा म्हणाले, "दादा, ओली आहे अजून, रेटा बसेल." चुलता म्हणाला, "जागा माझी, सरपन माझं. तुझ्या भिंतीला मी हात तरी लावलाय का?"

दोन दिवसांनी दुपारी आई भिंतीखालून उठून चुलीवरचं दूध बघायला गेली. दूध कसलं, पावडरीचं पाणी. ते उतू गेल्याचा वास आला म्हणून ती उठली, आणि मागं भिंत आतल्या अंगाला कोसळली. घोंगडी दिसेनाशी झाली. एक ओंडका आत येऊन चुलीपर्यंत घरंगळत गेला. आई उलथणं हातात धरून तशीच उभी. मी तिच्याकडे धावले तर ती म्हणाली, "मला काय झालं न्हाई," आणि पोटावर हात दाबून खाली बसली. पोट दुखायला लागलं होतं. सुईण आली, तिनं कसलंसं तेल चोळलं, आडवं पडून राहायला सांगितलं. दिवेलागणीपर्यंत दुखणं थांबलं. तोवर माझं जे काही झालं ते सांगता येत नाही. चुलता एकदा डोकावून म्हणाला, "म्हनलं न्हवतं मी, कोंबडी चढली तरी पडंल?"

बाबांनी त्या संध्याकाळी उपासना घेतली. दगडमातीच्या ढिगाजवळ बसून त्यांनी देवाचे आभार मानले, की तू तिला वेळेवर उठवलंस. आईनं डोळे मिटले होते. मी मिटले नाहीत. मी आभार मानले नाहीत. मी गोणपाटाच्या फटीतून ओट्यावर बघत बसले होते, आणि देवाला माझ्या मनात स्वच्छ सांगितलं की आता तूही यात आहेस, तूही उत्तर दे.

आमच्या मंडळीत शनिवारी घरोघरी उपासना असे. दर आठवड्याला एका घराची पाळी. भिंत पडली त्याच आठवड्यात आमची पाळी आली. बाबा म्हणाले, पुढे ढकलू. आई म्हणाली, येऊ दे, बघू दे सगळ्यांना. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, तालुक्याहून येणार होते, ते काही आले नाहीत. म्हणजे चालवायला पंच. चुलता स्वच्छ धोतर नेसून, केसांना तेल लावून आमच्याच घरात पुढच्या सतरंजीवर बसला, पाठीमागं पडदा आणि पडद्यामागं त्याचं सरपण. सगळी आळी जमली. कुणी भिंतीचं नाव काढलं नाही. काढणार कोण? सगळ्यांचं काही ना काही त्याच्याकडे अडलेलं.

गीतं झाली. वाचन झालं. कोट बांधणाऱ्याचं नव्हे, चुलत्यानं प्रेमावरचं काहीतरी वाचलं, लाज नावाची गोष्ट नव्हती त्याला. मग प्रार्थनेची वेळ आली. आमच्यात रीत अशी, की ज्याच्या घरी उपासना त्या घरातल्या कुणीतरी प्रार्थना करायची, आणि कुणी ते पंचानं सांगायचं. बाबा सरसावून बसले होते. चुलत्यानं माझ्याकडे बघितलं, मिशीत हसला.

"आज पोरगी करंल," तो म्हणाला. "बघू तरी मास्तरनं घरात काय शिकीवलंय."

त्यानंच सांगितलं. हे मी कायम लक्षात ठेवते. मी मागायला गेले नव्हते.

सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या. एकदा प्रार्थना सुरू झाली की आमेन होईपर्यंत कुणी डोळे उघडायचे नाहीत, कुणी मध्ये बोलायचं नाही. लहान मूल रडलं तरी आई त्याला तशीच छातीशी धरून बसते. पोलीस आला तरी दारात थांबेल. मी गुडघ्यावर बसले.

नेहमीसारखी सुरुवात केली. स्वर्गीय पित्याचे आभार, आजच्या दिवसाबद्दल, जमलेल्या मंडळीबद्दल. न आलेल्या पाळकांबद्दलही. पाऊस मागितला. "व्हय, प्रभू," असं चारी बाजूंनी येत होतं, आणि चुलत्याचं सगळ्यात मोठं. मंडळीत त्याच्या आवाजाचा मान होता. आमेन म्हणावं तर त्यानंच, पत्र्याला धक्का बसेल असं.

"आणि आता ह्या घरासाठी मागते," मी म्हणाले. "प्रभू, तू बघितलंस आमची भिंत कुणी पाडली ते. आमचे दगड कुणाच्या ओट्यात आहेत ते तुला दिसतंय. आमच्या ओल्या भिंतीला सरपण कुणी लावलं, आणि तिथं माझी आई निजत होती, ते तुला दिसतंय. त्या माणसाला क्षमा करू नकोस. त्याचा अपराध झाकू नकोस. जसं आमचं घर उघडं केलं तसं त्याचं घर उघडं कर. जशी माझी आई वाऱ्यावर आहे, तसा त्याला त्याच्या म्हातारपणी वाऱ्यावर ठेव. त्यानं बांधलेलं त्याच्या डोळ्यांदेखत पडू दे. हे आम्ही तुझा पुत्र प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावाने मागतो."

"आमेन," चुलता म्हणाला.

नेहमीच्याच आवाजात म्हणाला. पत्र्याला धक्का बसेल असं. आणि तो एकटाच म्हणाला, कारण बाकीच्यांची तोंडं उघडीच्या उघडी राहिली होती. मी डोळे उघडले तर तो अजून डोळे मिटून होता. मग त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

नंतर लोकांनी सारवासारव केली, की त्याला डुलकी लागली होती. खोटं. तो सगळं ऐकत होता, डोळे उघडले तेव्हा मानेच्या शिरा फुगलेल्या मी बघितल्या. पण ते शेवटचं वाक्य आलं की पुढे आमेन न म्हणणं त्याला येतच नव्हतं. आयुष्यभर त्या वाक्यावर त्यानं आमेन म्हटलं होतं, कुणाची प्रार्थना आहे न बघता. माझ्या बाजूच्या म्हातारीनं पदर तोंडात कोंबला आणि तिचे खांदे हसण्यानं हलायला लागले. चहा गुळाचा केला होता. त्यानं घेतला नाही. वहाणा हातात धरूनच निघून गेला.

बाबा माझ्यावर कधी ओरडले नव्हते, तेव्हाही नाही ओरडले. म्हणाले, "इतके दिवस मी जे वाचलं ते तू आज पुसून टाकलंस. मला भिंत नको होती का? अशी नको होती." ते मला लागलं. लागलं, पण पटलं नाही. आईनं मला जवळ बसवून भाकरी वाढली, नेहमीपेक्षा मोठी.

आमच्या लोकांचा एक पक्का विश्वास आहे. दोघांनी एका मनानं काही मागितलं की देव ते देतो, असं प्रभूनं सांगून ठेवलंय. चुलता हे दर महिन्याला मंडळीत सांगायचा, वर्गणीच्या वेळी तर हमखास. आता ते त्याच्याच मानगुटीवर बसलं. मागणारी मी, आणि वरून आमेन म्हणणारा तो. दोघं झाले. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये तो आला नाही. सोमवारी त्याच्या घराचा एक पत्रा वाऱ्यानं वाजायला लागला तर शेजारची पोरं म्हणायला लागली, सुरू झालं, सुरू झालं. चुलतीनं म्हणे जेवण टाकलं.

तो आला तेव्हा टोपी काढून आला. बाबांना म्हणाला, "पोरीला मागं घ्यायला सांग. मी चुकून म्हनलो. तोंडातून गेलं."

बाबा म्हणाले, "दादा, ती घेईल मागं. मी सांगतो तिला."

"आधी दगड," मी म्हणाले.

"तू गप्प बस," बाबा म्हणाले. पण चुलता माझ्याकडेच बघत होता. पहिल्यांदाच त्यानं मला नीट बघितलं असेल.

त्यानं दगड दिले. त्याच्या दोन्ही पोरांनी पहारी लावून ओटा उकलला आणि पाट्यांनी दगड आमच्या दारात आणून टाकले. सरपण काढलं, मोडकी गाडी ओढून नेली. आळीतल्या बायका पाण्याच्या रांगेतून उठून बघायला आल्या. मी दारातच उभी होते. पोरं घामाघूम झाली, त्यांनी पाणी मागितलं. मी म्हटलं, भिंतीला लागणार आहे, नाही देता येत. असा आनंद मला पुढे माझ्या लग्नातही झाला नाही, आणि तो आनंद होता हे मी कुणापासून लपवत नाही. चुलता घराच्या उंबऱ्यावर बसला होता. बसायला दुसरं काही राहिलंच नव्हतं.

आमचे जुने दगड एकमेकांवर असे बसले की बाबांनाही नवल वाटलं. आळीतले दोन पुरुष न बोलावता मदतीला आले. भिंत पत्र्याला टेकली, सांधे लिंपले, आईनं वाटीभर चुना भिजवला आणि त्यात नेहमीसारखी नीळ जास्त घातली. तिला नववा लागला होता. सुईण येऊन खोलीत मध्यभागी उभी राहिली, चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाली, आता कधीपण हाक मारा.

त्याच संध्याकाळी उपासनेला चुलता आला. पेटीजवळ खाली बसला. बाबांनी कोट बांधणाऱ्याचं शेवटचं वाचलं, कोट पुरा होतो आणि लोक आनंदानं गात त्यावरून चालतात ते. मग शास्त्र मांडीवर ठेवून म्हणाले, "कर प्रार्थना. जे मागितलंस ते मागं घे. दादांनी दगड दिलेत."

मी हात जोडले नाहीत.

"आपले दगड त्यांनी दिले, तू तुझा शब्द दे," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका केविलवाणा झाला होता की मी जवळजवळ तोंड उघडलं होतं. चुलता माझ्याकडे बघत नव्हता. तो जमिनीकडे बघत होता आणि त्याचे ओठ हलत होते. मी तोंड मिटलं.

बाबा आईकडे वळले. "तू तरी सांग तिला. आई आहेस."

आई नव्या भिंतीला पाठ टेकून बसली होती. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला. थोरल्या दिरासमोर तिचं तोंड मी पहिल्यांदाच उघडं बघितलं. ती बाबांशी बोलली नाही, मला काही सांगितलं नाही. सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली,

"भाऊजी, पोरीला कशाला धरून बसलाय? दोघांनी एका मनानं मागावं लागतं ना? ती दोघं म्हंजी ही आन् मी. तुमचं नुसतं तोंड म्हनलं. मी त्या दिवशी पदराआड आमेन म्हनले हुते, आन् तवापासून रोज म्हनते. हिनं घेतलं तर घेऊ द्या मागं. मी घेत न्हाई."